इंजिन तेच, हिशेब नवा

‘एकही पार्ट बदलायचा नाही. नुसतं ट्यून करू. गाडी ओढायला लागेल, गिअरही नीट पडतील.’ अमेरिकेत पिकअप ट्रक चालवणाऱ्याला हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच. तिथे पिकअप म्हणजे फक्त मालवाहू टेम्पो नाही. मुलांना शाळेत सोडायला, किराणा आणायला आणि शनिवारी बोट किंवा घोड्यांचा ट्रेलर ओढायला तीच गाडी निघते. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून तिथला सर्वाधिक खपाचा पिकअप आहे. इतक्या नाना कामांना जुंपलेल्या गाडीच्या मालकाला ती आपल्या कामापुरती बेतून घ्यावीशी वाटली, तर त्यात नवल नाही.

पण ऐकणाऱ्याच्या मनात दोन शंका येतात. लोखंड तेच, पेट्रोल तेच, तर जास्तीची ताकद येते कुठून? आणि काम इतकं सोपं असेल, तर कंपनीनंच ते करून का दिलं नाही?

१. कंपनीसुद्धा ट्यूनच करते

दुसऱ्या शंकेचं उत्तर भारतातल्याच एका पिकअपमध्ये सापडतं. टोयोटाचा हायलक्स इथे २०२२ मध्ये आला. त्याचं २.८ लिटरचं डिझेल इंजिन २०४ पीएस ताकद देतं. हाताच्या गिअरच्या गाडीत हे इंजिन ४२० न्यूटन मीटर टॉर्क देतं आणि ऑटोमॅटिक गाडीत ५००. इंजिन एकच असताना ऐंशी न्यूटन मीटरचा फरक का? पुढच्या गिअरबॉक्सला किती जोर सोसायला द्यायचा, हे कंपनीनं ठरवलं आणि तसं इंजिनाच्या संगणकात लिहिलं. बोनेटखालचं यंत्र किती देऊ शकतं आणि त्याला किती देऊ दिलं जातं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा संगणक म्हणजे ईसीयू. तो सेकंदाला शेकडो निर्णय घेतो आणि त्यासाठी त्याच्यापाशी कोष्टकं असतात. वरच्या ओळीत इंजिनाचे फेरे, बाजूच्या रकान्यात सिलिंडरमध्ये शिरलेली हवा आणि मधल्या प्रत्येक चौकटीत एक आकडा. त्या क्षणी जी चौकट लागू पडेल, तिचा आकडा उचलून संगणक हुकूम सोडतो. ट्यूनिंग म्हणजे या चौकटींमधले आकडे बदलणं.

कंपनीनं आकडे चुकीचे भरलेले नसतात. ते सगळ्यांसाठी भरलेले असतात. तोच ट्रक फिनिक्सच्या उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत चालायला हवा आणि अलास्कात उणे चाळिसातही सुरू व्हायला हवा. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेत इंजिनाला हवा साधारण सहाव्या हिश्शानं कमी मिळते. एखादा मालक वर्षानुवर्षं तेल बदलत नाही आणि पंपावरचं सर्वांत स्वस्त पेट्रोल भरतो; त्याचंही इंजिन वॉरंटीत टिकलं पाहिजे. वर सरकारी चाचण्यांत धूर आणि अॅव्हरेज यांचे आकडे बसले पाहिजेत. एवढ्या सगळ्यांची मर्जी राखायची म्हणजे प्रत्येक चौकटीत थोडी गंगाजळी राखून ठेवणं आलं. एकच ट्रक, एकच मालक, एकाच प्रतीचं इंधन आणि ठरलेलं काम इतकं नक्की झालं, की त्या गंगाजळीतला काही भाग वापरता येतो.

२. हवा मोजायची, इंधन तोलायचं

आता पहिली शंका. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या सुमारे १४.७ पट वजनाची हवा लागते. म्हणजे एक किलो हवेला ६८ ग्रॅम पेट्रोल. गाडी निवांत चालली असताना संगणक हेच प्रमाण धरून ठेवतो, कारण धूर स्वच्छ करणारं कॅटलिटिक कन्व्हर्टर याच प्रमाणाला उत्तम काम करतं. चालकानं पूर्ण रेस दिली की हिशेब बदलतो. तेव्हा प्रमाण साडेबाराच्या आसपास आणतात. १२.६ धरलं तर किलोभर हवेला ७९ ग्रॅम पेट्रोल होतं. अकरा ग्रॅम जास्तीचं पेट्रोल ज्वलनाची उष्णता आवरतं आणि जोरही जास्त मिळतो. काही ट्रकांच्या मूळ कोष्टकांत हे जास्तीचं इंधन द्यायला संगणक मुद्दाम थोडा थांबतो, इंधन वाचावं म्हणून. ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकासाठी ट्यूनर तो विलंब काढून टाकतो.

पण आधी हवा बरोबर मोजली गेली पाहिजे. अनेक पेट्रोल पिकअपमध्ये हवेच्या नळीत एक तापवलेली तार असते. हवा तिला थंड करते आणि तापमान टिकवायला किती वीज लागली, त्यावरून किती हवा गेली ते कळतं. मालकानं मोठं एअर फिल्टर आणि रुंद नळी बसवली, की त्याच वाऱ्यात तार वेगळं माप देते. संगणक जुन्याच मापाच्या भरवशावर इंधन सोडत राहतो. म्हणून हवेची वाट बदलणाऱ्याला ट्यून ही चैन राहत नाही, ती दुरुस्ती होते. बरेच मालक उलटं करतात. आधी बाजारातले चकाकते पार्ट घेतात आणि गाडी अडखळायला लागल्यावर ट्यूनर शोधतात.

३. ठिणगी कधी पाडायची

पेट्रोल इंजिनातली खरी कसोटी ठिणगीच्या वेळेची असते. मिश्रण एका क्षणात जळत नाही, त्याला एक-दोन सहस्रांश सेकंद लागतात. मिनिटाला ३००० फेरे असतील, तर इंजिन सेकंदाला ५० वेळा फिरतं, म्हणजे एका फेऱ्याला २० सहस्रांश सेकंद लागतात. एवढ्या घाईत पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते, म्हणजे तो टोकावरून किंचित खाली उतरेपर्यंत दाब शिगेला पोचतो. ठिणगी किती आधी पाडायची, ते इंजिनाच्या फेऱ्याच्या अंशांत मोजतात.

झोपाळ्याला झोका देणाऱ्याला हे लगेच कळेल. झोपाळा मागच्या टोकाला पोचून परत फिरला, की त्या क्षणी दिलेला हलका धक्काही त्याला उंच नेतो. उशीर झाला तर जोर वाया जातो. आणि तो अजून मागे येत असतानाच ढकललं, तर झोका मोडतो आणि धक्का मनगटाला बसतो. ठिणगी फार लवकर पडली, की पिस्टनचं तेच होतं.

त्यात आणखी एक धोका असतो. जळणारं मिश्रण उरलेल्या मिश्रणाला दाबतं, तापवतं आणि ज्योत पोचण्याआधीच ते उरलेलं मिश्रण भडकतं. धातूवर हातोडी मारल्यासारखा टणटण आवाज येतो. मेकॅनिक म्हणतात, ‘इंजिन नॉक मारतंय.’ हे चालू राहिलं तर पिस्टनच्या कडा झिजतात, तुटतातही. इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर ही थरथर ओळखतो आणि संगणक ठिणगी काही अंश मागे घेतो.

नॉकला विरोध करण्याची पेट्रोलची ताकद म्हणजे ऑक्टेन. इथे अमेरिकेतल्या मराठी माणसाची हमखास गल्लत होते. तिथल्या पंपावरचा ८७ हा आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो. भारतात पंपावर वर्षानुवर्षं दिसत आलेला ९१ हा त्यांपैकी एकाच, जास्त आकडा देणाऱ्या चाचणीचा. त्यामुळे तिथलं ८७ आणि इथलं ९१ ही जवळजवळ एकाच प्रतीची पेट्रोलं. तिथलं ९१ किंवा ९३ ऑक्टेनचं प्रीमियम त्याहून बरंच वरचं असतं.

जनरल मोटर्सच्या अनेक इंजिनांत ठिणगीची दोन कोष्टकं असतात, एक चांगल्या इंधनासाठी आणि दुसरं हलक्यासाठी. नॉक वारंवार ऐकू आला, की संगणक दुसऱ्याकडे झुकतो. ‘९३ चा ट्यून’ म्हणजे नेहमी प्रीमियमच भरणार, या बोलीवर पहिलं कोष्टक पुढे सरकवणं. ही बोली मोडून कोलोरॅडोच्या डोंगरात ८५ ऑक्टेनचं पेट्रोल भरलं आणि वर ट्रेलर जोडून चढ चढला, तर सगळी भिस्त एकट्या नॉक सेन्सरवर येते.

४. चालकाला जाणवतो तो गिअरबॉक्स

इंजिनाचे आकडे कागदावर दिसतात. रोजच्या रस्त्यावर चालकाच्या लक्षात येतो तो गिअरबॉक्स. त्याचा ट्यून बरेच जण जोडकाम समजतात. खरं तर पैशाचं मोल तिथेच जास्त मिळतं.

शेव्हरोले सिल्व्हरॅडोचं २०१४ चं ५.३ लिटरचं मॉडेल घेऊ. व्ही-८ इंजिन, ३५५ अश्वशक्ती, मागे जनरल मोटर्सचा ६एल८० हा सहा गिअरांचा ऑटोमॅटिक बॉक्स. या बॉक्सचा संगणक बॉक्सच्या आतच, तेलात बुडालेला असतो. कुठल्या वेगाला, किती रेसला कुठला गिअर टाकायचा, हे त्याच्या कोष्टकांत असतं. कंपनीचा कल गिअर लवकर चढवण्याकडे असतो, कारण कमी फेऱ्यांत इंधन कमी जळतं. सपाट महामार्गावर ते ठीकच आहे. डेन्व्हरहून पश्चिमेला आय-७० या महामार्गावर ट्रेलर घेऊन निघालं, की रस्ता सुमारे ३४०० मीटरवरच्या आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढत जातो. तिथे बॉक्स वरचा गिअर टाकतो, इंजिन दमतं, बॉक्स खालचा टाकतो, फेरे वाढतात, पुन्हा वरचा. ही चढउतार मैलोन्मैल चालते आणि प्रत्येक फेरीत बॉक्सचं तेल तापतं.

ट्यूनर इथे तीन गोष्टींना हात घालतो. पहिली, गिअर बदलण्याचा वेग. वरचा गिअर उशिरा टाकायचा आणि वर जाण्याचा वेग व खाली येण्याचा वेग यांत पुरेसं अंतर ठेवायचं, म्हणजे बॉक्सची धरसोड थांबते. दुसरी, टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि बॉक्स यांच्यामध्ये तेलात फिरणारी दोन पात्यांची चाकं असतात. एक तेल ढकलतं, दुसरं त्या तेलानं फिरतं. या व्यवहारात घसरण होते आणि घसरणीची उष्णता. म्हणून आतला एक क्लच ठरावीक वेगानंतर दोन्ही चाकं एकत्र बांधतो. तो क्लच लवकर धरला आणि चढावर सोडला नाही, तर तेल लक्षणीय थंड राहतं.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक, तेलाचा दाब. ६एल८० मध्ये गिअर बदलताना एक क्लच सुटतो आणि त्याच वेळी दुसरा धरतो. दाब कमी असेल तर क्लच घसरत घसरत धरतात; गिअर लोण्यासारखा पडतो, पण क्लचची पट्टी जळते. दाब वाढवला तर गिअर ठाशीव पडतो. फार वाढवला तर प्रत्येक गिअरला कमरेत हिसका बसतो आणि मागच्या शाफ्टच्या सांध्यांवर घाव पडतो. कंपनीचा संगणक गिअर बदलताना क्षणभर ठिणगी मागे घेऊन इंजिनाचा जोरही कमी करतो. हा बचाव पूर्ण काढून टाकणारे ट्यूनर आहेत. गिअर बंदुकीच्या गोळीसारखा पडला म्हणून मालक खूश होतो, पण हे काम चांगलं नाही. ओझं वाहणाऱ्या ट्रकात हा बचाव ठेवलाच पाहिजे, फार तर थोडा सैल करावा.

५. मोठे टायर : एक हिशेब

पिकअपवाल्यांचा सर्वांत आवडता बदल म्हणजे मोठे टायर. कंपनीचा २६५/७० आर १७ टायर घेतला, तर त्याचा व्यास सुमारे ३१.६ इंच भरतो. मालक त्या जागी ३५ इंची बसवतो. ३५ भागिले ३१.६ म्हणजे जवळपास १.११. आता चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ट्रक अकरा टक्के जास्त पुढे जातो आणि गिअरबॉक्सच्या संगणकाला त्याचा पत्ता नसतो. स्पीडोमीटर ६० मैल दाखवतो तेव्हा ट्रक सुमारे ६६ मैलांनी धावत असतो. पोलिसांच्या रडारला टायरचं कौतुक नसतं.

इंजिनाची अवस्था याहून वाईट होते. मागच्या धुऱ्याचं गुणोत्तर ३.४२ आणि सहाव्या गिअरचं ०.६७ धरलं, तर खऱ्या ६० मैल वेगाला पूर्वी इंजिन मिनिटाला सुमारे १४६० फेरे घेत होतं. आता ते १३२० वर येतं. एवढ्या कमी फेऱ्यांत जड ट्रक ओढताना इंजिन धापा टाकतं. पाचव्या गिअरचं गुणोत्तर ०.८५ आहे, तो टाकला की फेरे १६७५ च्या आसपास जातात आणि ओढ परत येते. पण हे करायला संगणकाला टायर बदलल्याचं कळायला हवं आणि सहावा गिअर जास्त वेगापर्यंत राखून ठेवायला हवा. दोन्ही बदल ट्यूनमधून होतात. मूळची ओढ जवळपास पूर्ण परत हवी असेल तर मात्र आकड्यांनी भागत नाही. धुऱ्यातले दाते बदलून गुणोत्तर ३.७३ किंवा त्याहून जास्त करावं लागतं.

याच टप्प्यावर मालक कमाल वेगाची मर्यादा काढायला सांगतात. अनेक पिकअपमध्ये ती ताशी १०० मैलांच्या आसपास असते. ट्यूनरला ती एका आकड्यानं काढता येते, पण टायरच्या बाजूवर वेगाचं अक्षर छापलेलं असतं. खडबडीत रस्त्याच्या जाड टायरांवर पुष्कळदा क्यू असतं, म्हणजे ताशी १६० किलोमीटर, साधारण शंभरच मैल. ही मर्यादा तशीच राहू द्यावी.

६. काम कसं चालतं

चांगला ट्यूनर पहिल्या दिवशी काहीच बदलत नाही. आधी संगणकातली मूळ फाइल उतरवून जपून ठेवतो. बॅटरीला चार्जर लावतो, कारण नवीन फाइल लिहिताना वीज खाली गेली तर संगणक निकामी होऊ शकतो. मग डॅशबोर्डखालच्या ओबीडी-२ सॉकेटला, जो अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या गाडीला सक्तीचा आहे, तार जोडून ट्रक आहे तसा चालवतो आणि आकडे नोंदवून घेतो.

पडद्यावर एकामागोमाग ओळी सरकतात : फेरे, रेस, हवा, ठिणगी, तेलाचं तापमान. समजा पूर्ण रेसला २९०० फेऱ्यांवर नॉकच्या रकान्यात चार अंश दिसले, म्हणजे संगणकानं ठिणगी तेवढी मागे घेतली. कच्चा माणूस लगेच तिथली ठिणगी चार अंश मागे घेईल. मुरलेला माणूस आधी ट्रकाखाली वाकून पाहतो. सैल झालेला सायलेन्सरचा पत्रा खडखडला, तरी सेन्सरला तो नॉक वाटतो. पत्रा घट्ट केल्यावरही चार अंश कायम राहिले, तर मग त्या चौकटींत दोन अंश कमी करायचे, इंधन तपासायचं आणि पुन्हा चालवायचं. इंधनाचं प्रमाण नीट कळायला धुरात वाइडबँड सेन्सर लावतात. अनेक ट्रकांतला मूळ ऑक्सिजन सेन्सर १४.७ च्या आसपासच भरवशाचा असतो. बदल, नोंद, पुन्हा बदल, अशा फेऱ्या होतात. गिअरबॉक्सच्या संगणकालाही नव्या आकड्यांशी जमवून घ्यायला काही दिवस लागतात, म्हणून पहिल्याच संध्याकाळी निकाल देऊ नये.

ट्रक दूर असला तरी नोंदींची फाइल पाठवून हे सगळं घरबसल्या करता येतं. डायनो म्हणजे जागच्या जागी चाकं फिरवून ताकद मोजणारं यंत्र. त्याच्या रोलरवर केलेलं मोजमाप जास्त काटेकोर असतं, पण रोलरवर घाट नसतो. ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकाची शेवटची नोंद ट्रेलर जोडूनच झाली पाहिजे.

७. पदरात काय पडतं

बिनटर्बोच्या व्ही-८ मध्ये हवा जेवढी आत येते तेवढीच येते. मूळच्या ट्रकावर चांगल्या पेट्रोलसह दहा-वीस अश्वशक्ती वाढली, तर काम उत्तम झालं असं समजावं. फोर्ड एफ-१५० मधल्या ३.५ लिटर इकोबूस्टसारख्या टर्बो इंजिनाची गोष्ट वेगळी. तिथे हवा किती दाबायची हेही संगणकच ठरवतो, त्यामुळे वाढ कितीतरी मोठी असते आणि गिअरबॉक्स, क्लच, रेडिएटर यांच्यावरचा भारही तितकाच.

एका फसव्या ट्यूनपासून मात्र सावध राहावं. आजच्या गाड्यांत पायाखालचा पेडल आणि इंजिनातली झडप यांच्यात तार नसते, मध्ये संगणक असतो. पेडल तीस टक्के दाबला तर झडप साठ टक्के उघडायची, एवढाच बदल केला की गाडी अंगात वारं शिरल्यागत पळते. पूर्ण पेडलला ताकद पूर्वीइतकीच असते.

सिल्व्हरॅडोवाल्यांची आणखी एक मागणी असते. हलक्या रेसला आठांपैकी चार सिलिंडर बंद करण्याची सोय कायमची काढून टाका. ट्यूनमधून ते होतं, थोडं अॅव्हरेज जातं. पण त्या सोयीचे, झडपा हलवणारे लिफ्टर आधीच खराब झाले असतील, तर कुठलाही आकडा त्यांना दुरुस्त करत नाही.

८. कायदा कुठे आडवा येतो

संगणकाचं कुलूप उघडणं हाच गुन्हा ठरू नये, म्हणून २०१५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथपालांनी कॉपीराइट कायद्यात सवलत दिली : स्वतःच्या वाहनाची तपासणी, दुरुस्ती आणि कायदेशीर बदल यांसाठी मालकाला ते करता येतं. ‘कायदेशीर’ हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे. प्रदूषण रोखणारी कुठलीही यंत्रणा बंद करणं क्लीन एअर अॅक्टनुसार निषिद्ध आहे. डिझेल पिकअपमधला काजळीचा फिल्टर काढून संगणकाला गप्प बसवणारे ट्यून सर्रास विकले गेले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०२० मध्ये अंदाज दिला, की आधीच्या दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपच्या यंत्रणा अशा काढल्या गेल्या आणि त्यांतून ५ लाख ७० हजार टन जास्तीचे नायट्रोजन ऑक्साइड हवेत जाणार आहेत. जणू रस्त्यावर नव्वद लाख ट्रक वाढले. हा धूर ट्रकामागच्या गाडीतल्या मुलांच्या छातीत जातो. अशा कामाला ट्यूनिंग म्हणूच नये.

वॉरंटीबाबत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा ग्राहकाच्या बाजूनं आहे. बाहेरचा बदल केला एवढ्यावरून कंपनीला हात वर करता येत नाहीत, बिघाड त्या बदलामुळे झाला हे दाखवावं लागतं. मात्र वाढवलेल्या टॉर्कनं गिअरबॉक्स गेला, तर ते दाखवणं तिला सोपं असतं आणि संगणकात परकी फाइल होती हे तपासण्याची सोय तिच्याकडे असते.

भारतात चित्र याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाचा मूळ तपशील बदलता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठामपणे सांगितलं. इथे हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस ट्यून करून देतो म्हणणारा भेटला, तर विमा कंपनी अपघातानंतर काय म्हणेल, हे आधी विचारून घ्यावं.

अमेरिकेत ट्रक असलेल्या वाचकानं ट्यूनरकडे चार गोष्टी मागाव्यात : मूळ फाइलची प्रत, आधीच्या आणि नंतरच्या नोंदी, ट्यून कुठल्या ऑक्टेनचा आहे ते लेखी आणि प्रदूषणाची यंत्रणा जशीच्या तशी असल्याची हमी. टायर, फिल्टर, इंधन यांपैकी काहीच बदललं नसेल आणि इंजिन बिनटर्बोचं असेल, तर इंजिनाच्या ट्यूनवर खर्च करू नये. ट्रेलर ओढायचा असेल किंवा टायर मोठे घातले असतील, तर गिअरबॉक्सचा ट्यून आधी करून घ्यावा.